मुळं मोजणाऱ्या आंटीजी

माझ्यामुळे एका बाईची नोकरी गेली. हे मी आजवर फक्त नवऱ्याला सांगितलं होतं, तेही एकदाच. तो म्हणाला, "तू ना, उगाच लावून घेतेस यार," आणि क्रिकेटचा आवाज वाढवला. त्यानंतर मी या विषयावर तोंड उघडलं नाही. आता केस पांढरे झाले, नोकरीतून मोकळी झाले, तरी भाजीवाल्याकडे मोड आलेले मूग दिसले की माझं डोकं फिरतं. तेव्हा एकदाचं लिहून टाकते.

लग्न होऊन पुण्याहून दिल्लीला आले तेव्हा देशाने बाजार उघडल्याच्या बातम्या रोज पेपरात यायच्या. नवऱ्याला एका परदेशी कंपनीत नोकरी होती आणि नोएडात नवा कोरा फ्लॅट. सेक्टर इतका नवा की रिक्षावाल्याला "जहाँ सड़क खतम होती है, वहाँ" असा पत्ता सांगावा लागे. दुभाजकावर लावलेली रोपं दर उन्हाळ्यात मरायची आणि दर पावसाळ्यात तिथेच नवी लावली जायची. मी सकाळी चार्टर्ड बस पकडून यमुना ओलांडायची आणि दिल्लीतल्या एका सरकारी संशोधन संस्थेत जायची. तिथे माझी पीएच.डी. चालू होती.

माझा विषय होता चिंचोके. हसा, सगळेच हसायचे. सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, "आमची सून चिंचोक्यांची डॉक्टर होणार आहे." जुन्या दिल्लीच्या खारी बावली बाजारातून पोतंभर चिंचोके आणायचे, भाजून टरफल काढायचं, पीठ करायचं आणि त्यातून साखर काढायची. चहातली साखर नव्हे. झाडाच्या पेशीची भिंत साखरेच्या लांबच लांब साखळ्यांनी बनलेली असते, आणि तशाच जातीची एक साखळी चिंचोक्यात ठासून भरलेली असते. ती एन्झाइम घालून तोडली की लहान लहान तुकडे हाती येतात. हे तुकडे पाण्यात अगदी नावापुरते घातले, चिमटीतही येणार नाहीत इतके, आणि ते पाणी कोवळ्या रोपाला दिलं, तर त्याच्या मुळाला बाजूने जास्त मुळं फुटतात. हात जरा सैल सोडला की तेच रोप खुरटून बसतं. इतक्याशा साखरेनं कुणाचं पोट भरत नाही. म्हणजे रोप ती खातच नव्हतं, त्याला ती इशारा म्हणून कळत होती. मला याचं वेड लागलं होतं, खरंच. दोन हिवाळे मी दुसरं काही बोलत नव्हते.

मुळं मोजायचं काम आंटीजींचं. त्या प्रयोगशाळेत टेक्निशियन होत्या, पंचावन्नच्या आसपासच्या, पंजाबी. त्यांचे यजमान याच संस्थेत होते; ते गेल्यावर यांना कंत्राटावर घेतलं होतं, आणि दर सहा महिन्यांनी कंत्राट वाढवलं जायचं. घरी साड्यांना फॉल लावायच्या. हात असा स्थिर की शाईच्या पेनाने केसावर रेघ मारतील. काळ्या कागदावर रोप ठेवायचं, भिंग धरायचं, सुईने एकेक मूळ बाजूला सारायचं आणि पुटपुटत मोजायचं, इक, दो, तिन्न. एक रोप दोनदा मोजायच्या. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा.

काचेच्या बशांवर मी फक्त नंबर घालायची. कुठल्या नंबरात साधं पाणी, कुठल्यात साधी साखर आणि कुठल्यात चिंचोक्याची, हे माझ्या वहीत, आणि वही माझ्या कुलपात. एकदा मी बोलता बोलता सांगणार होते, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. "मुझे मत बता, बेटा. पता चल गया तो आँख बेईमान हो जाती है." हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या साहेबांना, म्हणजे माझ्या गाइडना, हे वाक्य कळलं असतं तर पुढचं रामायण झालं नसतं. पण साहेबांचं नंतर.

आधी मुगाचं सांगते. प्रयोगाला मूग लागायचे, कारण मूग लवकर रुजतात आणि त्यांचं मूळ सरळसोट, मोजायला सोपं. मला सकाळी प्रयोगशाळेत पोचून भिजवत बसायला वेळ नसे, म्हणून मी ते घरीच करायची. रात्री झोपताना मूग कोमट पाण्यात टाकायचे, सकाळी निघण्याआधी उपसायचे, स्वच्छ फडक्यात घट्ट बांधायचे आणि डब्यात घालून उबेला ठेवायचे. दिल्लीच्या थंडीत डब्याला नवऱ्याचा जुना स्वेटर गुंडाळायची. दुसऱ्या दिवशी डबा पिशवीत. बसमधल्या बायकांना वाटे, हिचं जेवण. प्रयोगशाळेत सगळ्यांना वाटे, हिचं जेवण. मी त्यातले एकसारखे मोड आलेले मूग निवडून बशांमध्ये मांडायची, मग साखरेचं पाणी घालायची. उरलेल्यांची घरी उसळ. आणि प्रबंधात काय लिहिलं? बी रात्रभर भिजवून घेतले. संपलं. पुढचं काय लिहायचं, मूग कसे बांधायचे ते? आई ते करायची, मावशी करायची, शेजारची काकू करायची, त्यात विज्ञान कसलं? इथेच माशी शिंकली होती, पण ते मला कळायला पुढे वर्ष गेलं.

आता साहेब. साहेब हुशार होते, त्यात वाद नाही. पण त्या वर्षांत सगळ्यांच्याच अंगात आलं होतं. संस्थेतले निम्मे लोक नोकरी सोडून कुठल्या तरी कंपनीचे सल्लागार व्हायला निघाले होते. साहेबांनी टाय घालायला सुरुवात केली. गुडगावला एक कंपनी निघाली होती, परदेशी भागीदार असलेली, बी-बियाणं आणि रोपांची औषधं विकणारी. साहेबांनी माझे आकडे त्यांना दाखवले. कंपनीचा माणूस एकदा आला, बशा पाहिल्या आणि म्हणाला, "सर, ये तो कमाल है. फार्महाउसवाले तर वेडे होतील, गुडगावात रोज एक नवी कॉलनी निघतेय, सगळ्यांना लॉन पाहिजे, झाडं पाहिजेत, आणि लगेच पाहिजेत." मला लॉनचं सोयरसुतक नव्हतं. पण माझ्या चिंचोक्यांना कुणीतरी कमाल म्हटलं, आणि मी हुरळले. साहेबांनी माझी कृती टाइप करून त्यांना पाठवली. बी रात्रभर भिजवून घ्यावे, मग बशीत मांडून साखरेचे पाणी द्यावे.

त्यांच्याकडे तीनदा काही झालं नाही. चौथ्यांदा त्यांनी आम्हाला बोलावलं.

साहेबांच्या मारुतीतून आम्ही गेलो. इमारत काचेची, आणि काचेला लागून मोहरीचं शेत, त्यात म्हशी. आत एसी एवढा की मला शाल पांघरावी लागली. टेबलावर बशा मांडून ठेवलेल्या होत्या, माझ्याच कृतीनं केलेल्या, कागद बाजूला. मी कृती वाचली. बी रात्रभर भिजवले, होय. बशीत मांडले, होय. साखरेचं पाणी घातलं, होय. बरोबर होती. आणि बशा सगळ्या एकसारख्या. साध्या पाण्यातलं रोप आणि चिंचोक्याच्या साखरेतलं रोप ओळखू येईना. उलट साखरेच्या बशांना एक आंबूस वास येत होता. त्या वासानं माझे कान टवकारायला हवे होते. मी घाबरले होते, मला फक्त साहेबांचं तोंड दिसत होतं.

परतताना धौला कुआँपर्यंत साहेब प्रत्येक ट्रकला हॉर्न देत आले. मग सिग्नलला म्हणाले, "गिनती किसने की थी?"

"आंटीजींनी," मी म्हटलं. खोटं काय होतं त्यात?

साहेबांनी दुसऱ्या विभागातल्या एका मुलाकडून प्रयोग पुन्हा करवून घेतला. मला हात लावू दिला नाही, म्हणे तटस्थ माणूस पाहिजे. त्याने कृती वाचली आणि अक्षरशः तशीच केली, बिचारा. त्यालाही काही मिळालं नाही. मग संस्थेत कुजबुज सुरू झाली. कॅन्टीनमध्ये मी गेले की बोलणं थांबायचं. एकानं तर तोंडावर विचारलं, "मॅडम, आकडे घर से लाती हैं क्या?" मी रडले नाही, पण घरी येऊन वरणाची फोडणी जाळली.

तीन जणांची चौकशी समिती बसली. माझी पीएच.डी. पणाला लागली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. अध्यक्षांनी मला बसायला सांगितलं, चहा सांगितला, आणि फार मऊ आवाजात विचारलं, "आपने ख़ुद गिना था?"

"नाही सर. मोजणी त्या करायच्या."

"हमेशा?"

"हमेशा."

मी एवढंच बोलले. आणि हे सगळं खरं आहे. पण आणखी एक खरं होतं. बशांवर फक्त नंबर होते. कुठल्या बशीत काय, हे आंटीजींना माहीत नव्हतं. ज्या बाईला माहीतच नाही, ती एकाच प्रकारच्या बशांना जास्त मुळं कशी देईल? चुकून मोजलं असतं तर सगळीकडे सारखंच चुकलं असतं. हे समितीतल्या तिघांना कळत होतं, शास्त्रज्ञ होते ते. साहेबांना कळत होतं. मला तर सगळ्यात जास्त कळत होतं. माझ्या कुलपातली वही काढून टेबलावर ठेवली असती तर आंटीजी त्या खोलीतून ताठ मानेनं बाहेर पडल्या असत्या. पण मग प्रश्न माझ्यावर आला असता. आंटीजींना माहीत नव्हतं, तर माहीत असलेली एकच होती, वहीवाली. कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मी चहा प्यायले.

मग त्यांना आत बोलावलं. मी बाहेर बाकावर बसले होते, दार पुरतं लागलेलं नव्हतं. अध्यक्षांनी त्यांना वय विचारलं. चष्म्याचा नंबर विचारला. शेवटचं डोळ्यांच्या डॉक्टरकडे कधी गेला होतात, ते विचारलं. त्या म्हणाल्या, "साहब, जो दिखा, वही लिखा." परत परत तेवढंच. कोणी त्यांच्यावर ओरडलं नाही. सगळे इतके सभ्य होते की शिसारी यावी.

निष्कर्ष असा निघाला की मोजणीत मानवी चूक झाली. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. माझं ते प्रकरण प्रबंधातून वगळायचं, बाकीच्या प्रकरणांवर पदवी मिळू शकते. आंटीजींचं कंत्राट महिनाअखेर संपत होतं, ते वाढवलं गेलं नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी भिंग, सुया आणि काळे कागद मोजून परत केले, स्टोअरच्या वहीत सही केली. मला वाटलं काही बोलतील. त्यांनी बोलावं असं वाटत होतं, एक थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. त्या म्हणाल्या, "थीसिस पूरी कर लेना, बेटा. बीच में मत छोड़ना." आणि डबा घेऊन बस स्टॉपवर गेल्या.

नोकरी गेली म्हणजे काय गेलं, ते मला तेव्हाही ठाऊक होतं. त्यांचा मुलगा कुठल्या तरी दुकानात होता, त्याचा भरवसा नव्हता. घर त्यांच्यावर होतं. आणि त्यांना ते काम आवडायचं, ते वेगळंच. साड्यांचे फॉल सगळ्याच बायका लावतात, पण गल्लीत सांगायला त्यांच्याकडे लॅब होती.

पुढचा उन्हाळा मी प्रबंध टाइप करून घेण्यात घालवला. त्या सुमारास समोरच्या फ्लॅटमध्ये एक मेरठची बाई राहायला आली होती. आमच्याकडे एकदा मिसळ खाऊन गेली आणि तिला ती करायचीच होती. मी तिला सगळं कागदावर लिहून दिलं, मसाल्यापासून फरसाणापर्यंत. तीन दिवसांनी ती एक पातेलं घेऊन दारात. आत मटकी, फुगून फुटलेली, वर फेस, आणि वास. "भाभीजी, इसमें तो कुछ निकला ही नहीं. दो दिन से पानी में पड़ी है."

मी हसायलाच लागले. म्हटलं, "अहो, पाण्यात कशाला ठेवलीत? उपसून फडक्यात नाही का बांधायची?"

"आपने लिखा कहाँ था?"

मी तिच्या हातातला कागद घेऊन वाचला. माझ्याच अक्षरात होतं, मटकी रात्रभर भिजवून घ्या. पुढे एकदम, कांदा बारीक चिरा. आणि त्या पातेल्याला तोच आंबूस वास येत होता, गुडगावच्या बशांचा. त्या बाईला काय वाटलं असेल कोण जाणे, मी तिच्या तोंडावर दार लावून घेतलं.

सांगते काय झालं असणार. मोड आलेल्या मुगाचं मूळ बाहेर असतं. त्याला साखरेचा इशारा लगेच पोचतो. नुसतं भिजवलेलं बी बशीत ठेवलं तर मूळ बाहेर यायला वेळ लागतो, आणि तोवर पाण्यातले जंतू ती साखर फस्त करून टाकतात. ओंजळभर साखर असती तर उरली असती. आमची होती नावापुरती. रोपाचं मूळ बाहेर येईपर्यंत इशारा देणारंच कुणी शिल्लक राहत नव्हतं. सगळा घोळ त्या एका रात्रीचा, फडक्यातल्या.

माझ्याकडे फ्रिजमध्ये चिंचोक्याच्या साखरेची थोडी पूड उरली होती. मी घरीच दोन्ही तऱ्हेनं करून पाहिलं. ऊन अडवायला बाल्कनीला चटया लावल्या, बाजारातून काचेच्या बशा आणल्या, पाणी उकळून गाळून घेतलं. फडक्यात बांधलेले एका बाजूला, नुसते भिजवलेले दुसऱ्या बाजूला. आठवडाभर नवरा बाल्कनीत गेला नाही. मी मोजलं. मग माझ्यावर माझाच विश्वास बसेना, म्हणून समोरच्या बाईला बोलावलं, माफी मागितली, नंबर घातलेल्या बशा दिल्या आणि काही न सांगता मोजायला लावलं. तिनेही तेच मोजलं. फडक्यातल्या मुगांना, चिंचोक्याची साखर दिलेल्यांना, बाजूची मुळं चांगली दाट आली होती. भिजवलेल्यांत काही नाही. आंटीजींचा एकही आकडा चुकलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर बशा ठेवल्या. त्यांनी पाहिल्या, भिंग लावून पाहिल्या. मी वही उघडून दाखवली, फडक्याचं सांगितलं, डब्याचं सांगितलं. त्यांना पटलं. पटलं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, म्हणून तर राग जास्त येतो. मग त्यांनी बशांवर झाकणं ठेवली, एकेक करून.

"तुमची व्हायवा कधी आहे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं; ते इंग्रजीत बोलले की मला तुम्ही-तुम्ही केल्यासारखं वाटायचं.

"पुढच्या महिन्यात, सर."

"समितीचा अहवाल गेलाय. माझी सही आहे. हे आता उघडलं तर तुमचा प्रबंध परत जाईल, पहिल्यापासून चौकशी होईल, आणि सगळे विचारतील की कृती अर्धवट लिहिली कोणी. कंपनीनं दुसरं काहीतरी घेतलंय, त्यांना आता यात रस नाही. कुणाचा फायदा आहे यात?"

"आंटीजींचा," मी म्हटलं.

"कंत्राटं बंद झाली आहेत. वरून आदेश आहे. तुम्ही बोललात तरी त्यांना कोणी परत घेणार नाही." मग म्हणाले, "देखते हैं. पहले डिग्री ले लो."

आणि मी घेतली. माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नाही. उठून दुसऱ्या मजल्यावर संचालकांकडे जायला मला पाय होते. मी बशा पिशवीत भरल्या आणि चार्टर्ड बसची वेळ झाली म्हणून निघाले. व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं की चिंचोक्याच्या साखरेचा मुळांवर काही परिणाम दिसला का, आणि मी म्हटलं, "खात्रीलायक नाही, सर." साहेब खिडकीबाहेर बघत होते. सासूबाईंनी सोसायटीत पेढे वाटले. मला ते पेढे घशाखाली उतरले नाहीत वगैरे म्हणायला आवडलं असतं, पण मी खाल्ले, तीन खाल्ले.

मग मला गुडगावलाच एका बियाण्याच्या कंपनीत नोकरी लागली, ती वेगळी कंपनी. पगार बरा, गाडी न्यायला यायची. रोज ठरवायची, या रविवारी आंटीजींकडे जाऊ. रविवार दळणात जायचा, पाहुण्यांत जायचा. खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. दीड वर्ष असं काढलं. मग जुन्या प्रयोगशाळेतली एकजण मंडईत भेटली आणि म्हणाली, आंटीजी मुलाबरोबर वैशालीला राहायला गेल्या, गाझियाबादकडे, नव्या फ्लॅटमध्ये. तिच्याकडे फोन नंबर होता. आता सबब उरली नाही.

गेले. चौथा मजला, लिफ्टच्या जागी नुसता खड्डा. दार त्यांच्या सुनेने उघडलं. आंटीजी दिवाणावर बसल्या होत्या, हात मांडीवर, रिकामे. मी त्यांना रिकाम्या हातांनी कधी पाहिलं नव्हतं. मला बघून उठल्या, जवळ घेतलं, "डॉक्टर बन गई मेरी बेटी," म्हणाल्या, सुनेला चहा करायला सांगितलं. मी विचारलं, फॉलचं काम कसं चाललंय? म्हणाल्या, सोडलं. कुणाची महागाची साडी खराब झाली तर? तांदूळ निवडायचे असले तर सून निवडते. सुईत दोरा नातू ओवून देतो. दोन डॉक्टरांना दाखवलं, दोघं म्हणाले डोळे ठीक आहेत.

"ठीक हैं तो गिनती कैसे ग़लत हुई?" त्यांनी मला विचारलं, अगदी सरळ, उत्तर पाहिजे म्हणून. मग म्हणाल्या, "तेरा साल ख़राब कर दिया मैंने. माफ़ करना, बेटा."

माझी लाज मला तिथे पहिल्यांदा कळली. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. मूग, फडकं, डबा, स्वेटर, मेरठची शेजारीण, बाल्कनी. "आंटीजी, आपकी गिनती सही थी. एकूण एक. चूक माझी होती, मी लिहिलं नव्हतं." बाईने वीसेक वर्षं प्रयोगशाळेत काढली होती, एकदा ऐकून समजलं. त्यांनी एकच शंका विचारली, नुसत्या भिजवलेल्यांना वास येत होता का? म्हटलं, येत होता. त्यांनी मान हलवली. मग स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. समितीत मी कशी गप्प बसले, ते मी सांगितलं नाही. सांगणार होते.

"साहब को बताया?" त्यांनी विचारलं.

"बताया."

"मान गए?"

"मान गए."

"क्या बोले?"

सून चहा घेऊन आली होती. मी कप हातात घेतला. "बोले, देखते हैं."

आंटीजींनी सुनेकडे पाहिलं, तिच्या खांद्यावर थाप मारली आणि तिला पंजाबीत सांगितलं की बघ, मी म्हणत नव्हते? त्यांचा चेहरा पार बदलला होता. साहेब देखते हैं म्हणाले म्हणजे काम होणार, साहेब शब्दाचे पक्के, वेळ लागेल, सरकारी कारभार आहे. मग एकदम त्यांना काही तरी आठवलं. संस्थेकडे तर जुन्या घराचा पत्ता आहे, परत कामावर बोलावल्याचं पत्र तिकडे गेलं तर? नवा पत्ता तू पोचव. पर्समध्ये कागद आहे ना?

मी डायरी काढली. त्या सावकाश सांगत गेल्या आणि मी लिहून घेतलं, फ्लॅट नंबर, मजला, सेक्टर, पिनकोड.